सात विटांचा आरिया

नोकरीत मी खलाशी होतो. समुद्र मात्र पहिल्यांदा पाहिला तो रिटायर झाल्यावर, पुरीला, तेही बायकोने हात घट्ट धरून ठेवला होता म्हणून. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून मी म्हटलं, "सोड ना जरा, खलाशी आहो मी." ती म्हणाली, "कागदावरचे."

खरं आहे. भिलाईच्या कारखान्यात खलाशी म्हणजे जड वस्तू उचलणारा, सरकवणारा आणि उतरवणारा माणूस. मोटर, गिअरबॉक्स, लोखंडाचे रोल, जे चार माणसांना हलत नाही ते आमचं. आम्ही पट्टा बांधायचा, वर साठ-सत्तर फुटांवर केबिनमध्ये बसलेल्या क्रेन ऑपरेटरला खालून हाताने खूण करायची आणि माल जाग्यावर नेऊन ठेवायचा. आमची भाषा तीन शब्दांची. 'हाबेस' म्हणजे उचल. 'आरिया' म्हणजे खाली सोड. 'आस्ते' म्हणजे आस्ते. जुनी माणसं सांगत, हे शब्द जहाजांवरून आले. समुद्रापासून इतक्या लांब ते कसे पोचले कोण जाणे, पण पदाबरोबर शब्दही आले असावेत. समुद्र तेवढा तिकडेच राहिला.

आमच्या भिलाईतल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, दामूभाऊ, कारखान्यावर लिहा. पण आमच्या मंडळात कारखान्यावर लिहू शकणारा माणूस दर दोन घरांआड सापडतो. म्हणून मी माझ्या दुसऱ्या नोकरीवर लिहितो. तिच्यात पगार नाही, प्रमोशन नाही आणि साहेब मीच आहे. मी भिलाईतल्याच रिसालीत योगाचा वर्ग चालवतो. माणसं हाताखाली आल्यावर मला कळलं की लोखंड उचलणं फार सोपं असतं. लोखंड 'दुखते जी' म्हणत नाही.

हा वर्ग मी सुरू केला नाही, तो माझ्या अंगावर आला. आमच्या समाजभवनात एक वृद्ध गुरुजी फुकट योग शिकवत. कमरेसाठी मी त्यांच्याकडे दोन वर्षं गेलो. मग ते मुलाकडे रायपूरला निघाले आणि जाताना भवनाची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "जेवढं येतं तेवढंच शिकवायचं. जे येत नाही त्याला डॉक्टरकडे पाठवायचं." दहा-बारा आसनं, थोडा प्राणायाम आणि शवासन, एवढी माझी विद्या. शवासनात मी विशेष प्रवीण होतो. घोरायचो.

चावी मिळाल्यावर मला वाटलं, आता हे काम शास्त्रशुद्ध करू. सून म्हणाली, "बाबा, सिविक सेंटरला एक नवीन स्टुडिओ उघडला आहे, पहिला दिवस फ्री आहे, पाहून या." गेलो. आत गेल्यावर बाहेर बूट काढल्याचा पश्चात्ताप झाला, कारण माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी खिडकी होती. भिंतभर आरसा होता, त्यामुळे ती खिडकी मला दोनदा दिसत होती. कोपऱ्यात सामान मांडलं होतं: चटया, बक्कल लावलेले पट्टे, गोल उशा, आणि विटा. जांभळ्या विटा. मी एक उचलली आणि हात एकदम वर गेला, कारण तिला वजनच नव्हतं.

"बेटा, ये ईंट काहे की है?" मी तिथल्या मुलीला विचारलं.

"अंकल, फोम की. ब्लॉक बोलते हैं. हाथ ज़मीन तक नहीं पहुँचा, तो ज़मीन को ऊपर ले आओ."

तिने सहज सांगितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. जमीन वर आणा. अहो, आमच्या धंद्यात याला पॅकिंग म्हणतात. जड यंत्र जॅकने बोटभर उचलायचं, खाली लाकडी ठोकळा सारायचा, पुन्हा बोटभर, पुन्हा ठोकळा. उतरवताना तसंच उलटं, एकेक ठोकळा काढत. मी त्या पट्ट्याकडे पाहिलं. तो स्लिंग होता, बक्कलसकट. ती गोल उशी म्हणजे पाइप घरंगळू नये म्हणून लावतात ते टेकण. आयुष्यभर मी ज्याला मजुरी समजत होतो तो योगच निघाला. फक्त आमच्याकडे माल लोखंडाचा होता.

मग मी त्या सामानाच्या किमतीचा कागद पाहिला आणि तो जिथून घेतला होता तिथेच आदराने ठेवला. आमच्या वर्गात पेन्शनवाले, घरकाम करणाऱ्या दोघी आणि भाजीचा ठेला लावणारी साहूबाई. फोमची वीट त्यांनी देव्हाऱ्यात ठेवली असती. ऑटोत बसून येता-येता मी ठरवलं, हे सगळं आपण घरी करायचं. असा हवेत होतो की माझा स्टॉप मागे गेला आणि उलट चालत यावं लागलं.

उत्साहात माझं पहिलं काम नेहमी चुकतं. इथेही चुकलं. दुर्गला मोहन नगरकडच्या एका कबाड्याकडे मला कन्व्हेअरचा जुना रबरी पट्टा दिसला. रुंद, जाड, घसरत नाही. चटईला याहून चांगलं काय? कापून दहा तुकडे आणले. नेमकं त्याच रविवारी सूनबाई वर्गाचा फोटो काढणार होती, म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं, पांढरे कपडे घालून या. फोटो झाले. मग शवासन झालं. मी म्हटलं, "हाबेस," आणि सगळे उठून बसले तेव्हा माझ्यासमोर दहा काळ्या पाठी होत्या.

साहूबाईने मान वळवून आपला पदर पाहिला. शांतपणे तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "मास्टरजी, हमन ला कोइला खदान ले निकाले हव का?"

ते पट्टे आता माझ्या गच्चीवर कूलरखाली आहेत. वर्गात दुसरं सामान आलं, आणि ते अजून टिकून आहे. जुन्या लुगड्यांच्या दुहेरी शिवलेल्या चटया. मोडक्या बाजेची नवार धुऊन तिचे पट्टे. गोधडीची वळकटी करून दोन्ही टोकांना बांधली की ती उशी. आणि विटा म्हणजे विटा, भट्टीतल्या लाल. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून त्यांना घातल्या. हिवाळ्यात आमच्या विटा माझ्याहून नीटनेटक्या दिसतात.

'हाबेस'चीही एक गंमत. श्वास घ्या, श्वास सोडा, हे मी सांगायचो आणि लोक मध्येच विसरायचे. एकदा तोंडातून सवयीने गेलं, "हात वर, हाबेस. आस्ते, आस्ते. आता आरिया." आणि काय सांगू, सगळ्यांचे हात एका लयीत वर गेले, एका लयीत खाली आले. कोणाचा नवरा, कोणाचा बाप, कोणाचा सासरा कारखान्यातला. शब्द सगळ्यांच्या घरात वापरून गुळगुळीत झालेले. तेव्हापासून रिसालीत मला आरिया मास्तर म्हणतात. गुरुजींच्या कानावर हे गेलं तर काय म्हणतील, या भीतीने मी रायपूरला फोन करत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती शालिक हटवारची आहे.

शालिक माझा क्रेन ऑपरेटर. तो वर, मी खाली, बावीस वर्षं. दोघंही भंडाऱ्याकडचे. त्याचं गाव माझ्या गावाहून तीन कोसांवर, पण ओळख झाली ती भिलाईत, तीही हातवाऱ्यांनी. आवाज इतका की ओरडून उपयोग नसे. नंतर शालिकचे कान त्या आवाजाने गेले आणि त्याच्या घरानेही तीच भाषा धरली. धाकटी लेक रोशनी लहान होती तेव्हापासून अंगणात उभी राहून, बोट खाली करून गोल फिरवायची. म्हणजे बाबा, गच्चीवरून खाली या, चहा झाला. तळहात जमिनीकडे करून हात आडवा ताठ केला की थांबा, भाचा झोपला आहे, दार आपटू नका.

इथे धंद्याचा एक नियम सांगून ठेवतो, पुढे लागेल. ऑपरेटर सिग्नल एकाच माणसाचा घेतो. खाली दहा साहेब हात हलवत असोत, तो आपल्या खलाशाचाच हात पाहतो. याला अपवाद एकच, थांबण्याचा सिग्नल. तो कोणीही द्यावा. झाडूवाल्याने दिला तरी ऑपरेटरने थांबायचं.

हा अपवाद मी चांगला ओळखतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक गिअरबॉक्स उचलायचा होता. पायाचे चार बोल्ट. मी तीन मोजले, चौथा ग्रीसखाली होता, आणि मी ऐटीत हाबेस दिला. पट्टे ताणले, क्रेन कण्हायला लागली, गिअरबॉक्स जागचा हलेना. मला वाटलं, माल भारी आहे. मी बोट आणखी जोरात फिरवलं. तेवढ्यात कँटीनचा चहावाला एका हातात किटली घेऊन जात होता, त्याने दुसरा हात आडवा केला. शालिकने क्रेन थांबवली. मग तो सगळ्या शिड्या उतरून खाली आला. मी गाल तयार ठेवला होता. तो गिअरबॉक्सपाशी उकिडवा बसला, बोटाने ग्रीस पुसलं आणि म्हणाला, "दामू, बोल्ट राहिला बे."

बस. साहेबाला त्याने कधी सांगितलं नाही. मला मात्र सांगत राहिला. मी चुकीच्या गाडीत चढलो, बोल्ट राहिला. लग्नाची तारीख विसरलो, बोल्ट राहिला. माझ्या रिटायरमेंटच्या भाषणात मी बायकोचे आभार मानायचे विसरलो, तेव्हा पहिल्या रांगेतून त्याने फक्त बोटाने ग्रीस पुसल्यासारखं केलं.

तर हा शालिक एके दिवशी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. हातात काठी. शिड्या चढून-उतरून त्याचे गुडघे कामातून गेले होते.

"रोशनीचं लग्न जमलं," तो म्हणाला. "गोंदियाचे पाव्हने. वैशाखात आहे."

"मंग पेढा कुठी आहे?"

"पेढा मंग. मले खाली बसाले शिकव."

मला वाटलं, थट्टा करतो आहे. म्हटलं, "खुर्चीवर बस ना. आजकाल सगळेच बसतात. गोंदियावाले काही म्हनतीन का?"

त्याने खिशातून एक फोटो काढला. थोरलीच्या लग्नातला, कन्यादानाचा. लेक-जावई पाटावर, वहिनी पाटावर, भटजी पाटावर, आणि शालिक लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. हातावर पाणी सोडायला वाकलेला, पण हात खाली पोचत नव्हता, म्हणून लेकीने आपले हात वर केले होते.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "जिंदगीभर सगळ्यायले वरूनच पाह्यलं मी. लेकीचं कन्यादान बी केबिनमंधूनच केलं. हिच्या वेळी मले खाली याचं आहे, दामू."

मी फोटो त्याच्या खिशात परत ठेवला. मी फक्त म्हटलं, "आधी डॉक्टर."

डॉक्टरकडे मीही सोबत गेलो. त्यांनी गुडघे दाबून पाहिले, एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, बसायला हरकत नाही, पण झटका नको, जोर नको, दुखलं की थांबायचं. मग माझ्याकडे वळले. "आप योगा टीचर हैं? कहाँ से सीखा?"

मी खलाशाचं इंग्रजी नाव सांगितलं, "साहब, मैं रिगर हूँ."

ते हसले. "फिर तो लोड उतारना आता होगा."

त्या एका वाक्याने मी घरी येईपर्यंत जमिनीला टेकलो नाही. जेवताना ताटात भाकरीच्या तुकड्यांच्या विटा रचत होतो. बायको म्हणाली, "खा ते, बांधू नका."

योजना अशी होती. शालिक स्टुलावर आरामात बसायचा. स्टूल म्हणजे सात विटांची उंची. भिंतीला लागून सात-सात विटांच्या दोन थप्प्या रचायच्या, नवारीने आवळायच्या, वर फळी, फळीवर गोधडी. तिथे रोज बसायचं, पाय हळूहळू जवळ घ्यायचे, मांडीखाली वळकटी, घोट्यात नवारीचा पट्टा. गुडघ्याने तक्रार करणं सोडलं की दोन्ही थप्प्यांतली एकेक वीट काढायची, हिशोबात ती एकच. दुसरीकडे भिंतीला पाठ लावून पाय हलवण्याचे व्यायाम. घाई नाही. सातावरून खाली, वैशाखापर्यंत.

पहिल्या दिवशी मी समोर उभा राहून बोट खाली केलं, गोल फिरवलं, दुसरा तळहात त्याच्यासमोर स्थिर धरला. म्हणजे आरिया, पण आस्ते. शालिकची नजर माझ्या हातावर चिकटली आणि तो असा उतरला की विटांना कळलंही नाही. वर्गातले सगळे पाहत राहिले. त्याला जवळच्या लेन्सचा चष्मा लागतो, कानात यंत्र आहे, पण हाताची खूण त्याला आजही साठ फुटांवरून वाचता येते.

सातवी वीट निघाली, सहावी निघाली, पाचवी निघाली. वीट काढण्याचा सोहळा व्हायला लागला. ज्या दिवशी वीट निघे त्या दिवशी साहूबाई ठेल्यावरून काहीतरी घेऊन येई, कधी पेरू, कधी मुळा. काढलेल्या विटेवर शालिक खडूने तारीख टाकी आणि ती रोशनीकडे पाठवी. तिने त्या तुळशीभोवती मांडल्या होत्या.

आणि मग मी माती खाल्ली.

चौथी वीट निघणार होती त्या दिवशी गुरुजींच्या वेळचे तीन-चार जुने लोक वर्ग पाहायला आले होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "सुना है यहाँ ईंटों से इलाज होता है." माझ्या अंगात आलं. मी एकाऐवजी दोन विटा काढल्या. शालिकने माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी ऐटीत आरिया दिला. तो माझा हात पाहून उतरला, आणि जिथे त्याला वीट अपेक्षित होती तिथे वीट नव्हती. शेवटची चार बोटं तो दाणकन खाली आला.

गुडघा भोपळ्याएवढा झाला. डॉक्टरने तीन आठवडे बंद सांगितलं. वर लग्न आणखी जवळ आलेलं. मी रोज त्याच्या घरी जाऊन दारात उभा राहायचो आणि प्रमिलावहिनी मला चहा द्यायच्या, पण बिनसाखरेचा. मला साखर नाही, म्हणजे आजार नाही. चौथ्या दिवशी त्या बोलल्या.

"भाऊजी, एक विचारू?"

"विचारा ना."

"कारखान्यात तुमी असंच करत होते का? कोनी पाहाले आलं का दोन-दोन विटा काढत होते?"

मी कप खाली ठेवला. "नाही वहिनी."

"मंग ह्याईलेच कावून? हे लोखंडाहून सस्ते आहेत का?"

आतून शालिक ओरडला, "काय म्हनते वो ती?" कानातलं यंत्र त्याने काढून ठेवलं होतं. मी दारातून बोटाने ग्रीस पुसल्याची खूण केली. तो बिछान्यात पडल्या-पडल्या इतका हसला की वहिनींनाही शेवटी हसावं लागलं. पाचव्या दिवशी चहात साखर होती.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा पाच विटांवरून सुरुवात केली. मी विटा काढायचा अधिकारच सोडला. शालिक सांगेल तेव्हा, साहूबाई काढेल. तिला कोणासमोर मिरवायचं नव्हतं. पाचवी गेली, चौथी गेली, तिसरी गेली. दुसरी गेली तेव्हा लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि शेवटची वीट काही निघेना. ती काढली की उजवा गुडघा दगड व्हायचा. मी रात्रंदिवस त्या एका विटेचा विचार करत होतो.

ती सोडवली रोशनीने. लग्नाच्या सामानातला पाट दाखवायला ती वर्गात आली होती. माझी नजर पाटावर गेली, मग विटेवर. मी पाट तिच्या हातातून ओढलाच. विटेशेजारी ठेवला. बारीकसा फरक, एक घडी केलेली शाल बसेल एवढा. म्हणजे ज्याला मी इतके दिवस जमीन समजून उतरवत होतो ती जमीन मुळात विटेएवढी उंच होती. कन्यादान जमिनीवर होतच नाही, पाटावर होतं. पाच महिने मी पाट मोजला नव्हता.

शालिक पाटावर बसला. मांडी घातली. हात पुढे केला आणि तो रोशनीच्या हाताला, तिने वर न उचलता, लागला. साहूबाईने ठेल्यावरची सगळ्यात मोठी काकडी त्याच्या मांडीवर ठेवली.

लग्न सकाळचं होतं, समाजभवनाच्याच मैदानात. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, लोक जेवणाकडे वळले आणि मांडवात कन्यादानाची तयारी सुरू झाली. मी समोर उभा राहिलो. शालिक धोतर, टोपी, उपरणं असा. बँडच्या आवाजाने त्रास होतो म्हणून यंत्र खिशात. मी आरिया दिला, आस्ते. तो पाटावर असा उतरला जसा काही रोजच बसतो. मग भटजी बराच वेळ घेणार असं दिसलं, आणि वडाभाताचा वास आला. मी ताट वाढून घेतलं.

दुसरा वडा फोडत होतो तेव्हा मांडवात गलका झाला. विधी संपला होता, जावई उठला होता, भटजी म्हणत होते, उठा आता. आणि शालिक उठत नव्हता.

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. पाच महिने आम्ही बसणं शिकलो होतो. रोज धडा संपला की वर्गातले दोघं त्याला बगलेत धरून उचलत, आणि आम्ही पुढच्या कामाला लागत असू. उठणं मी शिकवलंच नव्हतं. आरिया एवढा गिरवला, हाबेस कोणाच्या डोक्यातच आला नाही.

मांडवात दोन पाहुणे त्याला बगलेत धरायला पुढे झाले, तेव्हा त्याने मान हलवली. गोंदियावाल्यांसमोर त्याला मालासारखं उचलून घ्यायचं नव्हतं. सगळे एकदम सांगायला लागले. "मामाजी, डावा पाय घ्या." "अरे हात पकडो." "भाऊ, आधी गुडघे टेका." त्याला ऐकू काही येत नव्हतं. नुसते हलणारे पंधरा हात दिसत होते, आणि तो त्या हातांमध्ये एक हात शोधत होता.

मी ताट शेजारच्या माणसाकडे दिलं. ते नवरदेवाचे मामा होते, हे नंतर कळलं. खुर्चीवर चढलो, दोन्ही हात वर केले. शालिकने पाहिलं. गर्दीतून त्याची नजर थेट येऊन माझ्या हातावर बसली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा घाम मला तिथूनच थांबलेला दिसला.

उजवीकडे सरक, मी खूण केली. त्याने भार उजव्या कुल्ल्यावर घेतला. हात टेकव. टेकवला. डावा पाय जवळ. आणला. आता मी बोट वर केलं, दुसरा तळहात समोर धरला, हाबेस, आस्ते. शालिक वर यायला लागला. बोटभर, मग वीतभर. बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं होतं. मी इतका रंगात आलो की बोट जरा जोरातच फिरवायला लागलो. तो मध्येच अडला. मला वाटलं, गुडघा आहे. मी आणखी हाबेस दिला.

रोशनीने हात आडवा केला. तळहात जमिनीकडे, कोपर ताठ, हातातला हिरवा चुडा खळकन खाली घसरला. शालिक जागच्या जागी थांबला.

तिने वाकून आपला पाट एका हाताने उचलला. बापाच्या धोतराचं टोक त्याच्याखाली अडकलं होतं. ते तिने सोडवलं, हातावर झटकलं. मग उभी राहिली, एक बोट वर केलं, गोल फिरवलं, आणि दुसरा मेंदी भरला तळहात त्याच्यासमोर स्थिर धरला.

शालिकने माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग नजर तिच्या बोटावर नेली आणि तिचा हात पाहत-पाहत तो उठून उभा राहिला. लेक आणि बाप समोरासमोर, एकाच उंचीवर. गोंदियावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवतो आहोत हे त्यांना नीट कळलं नव्हतं. मी अजून खुर्चीवर होतो, दोन्ही हात हवेत, आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. नवरदेवाच्या मामांनी तेवढ्यात माझा वडा संपवला होता.

आता आमच्या वर्गात पहिला धडा उठण्याचा असतो. नवीन माणूस आला की साहूबाई त्याला आधी खाली बसवते आणि माझ्याकडे पाहून म्हणते, "अब मास्टरजी ला पूछ, उठना कइसे हे." मी मुकाट्याने शिकवतो.

त्या दिवशी पंगत उठायच्या सुमारास शालिक काठी न घेता माझ्यापर्यंत चालत आला. मी उगाच पाण्याच्या ग्लासात पाहत होतो. तो जवळ उभा राहिला, धोतराचं चुरगळलेलं टोक माझ्यासमोर धरलं आणि बोटाने ते हलकेच पुसलं.

"दामू," तो म्हणाला, "बोल्ट राहिला बे."